आबांची काठी आणि बुध्याची ड्यूटी

हॉस्पिटलात काम करणाऱ्या माणसाला किस्से शोधत फिरावं लागत नाही. ते आपोआप साचतात. लग्नात, बारशात, एसटीच्या स्टॉपवर कुणीतरी विचारतंच, "मग, काय म्हणतंय हॉस्पिटल?" आणि आपण एक सांगायला जावं तर त्याच्या मागे दुसरा तयारच असतो. मी बारामतीतल्या एका हॉस्पिटलात फिजिओथेरपिस्ट आहे. पडलेल्या माणसांना परत उभं करायचं आणि चालवायचं, हे माझं काम. बारा वर्षं झाली. पण हल्ली माणसांचे किस्से कुणी विचारतच नाही. सरळ म्हणतात, "वैशालीताई, ते कुत्र्याचं सांगा."

तर कुत्र्याचं सांगते.

*

कुत्र्याचं नाव बुध्या. बुधवारी आणला म्हणून बुध्या. आमच्या घरात नावावर यापेक्षा जास्त विचार कुणी करत नाही.

आमचं घर काटेवाडीत. माझे सासरे, म्हणजे आबा, तरुण होते तेव्हा घरात मेंढरं होती. पुढे मेंढरं विकली, ऊस आला, गाई आल्या, मी आले. राहिली ती आबांची काठी आणि मेंढरांमागच्या कुत्र्यांचा वंश. बुध्या त्या वंशातला.

त्याने जन्मात कळप बघितलेला नाही. पण संध्याकाळी घरातली सगळी माणसं आत आली का, हे तो मोजतो. एखादं कमी असलं की शोधायला निघतो. नवरा डेअरीवर गप्पा मारत बसलेला असला, की हा जाऊन त्याच्या गुडघ्यामागे नाक लावतो आणि ढकलत ढकलत त्याला घरी आणतो. लग्नाला पंधरा वर्षं झाली, मला हे अजून जमलेलं नाही!

*

पुण्याला एका ट्रेनिंगला गेले होते. तिथे एक थेरपी डॉग आणला होता. सोनेरी केसांचा, गुबगुबीत. पेशंट त्याच्या डोक्यावर हात फिरवत होते आणि ज्यांनी आठवडाभर तोंड उघडलं नव्हतं ते त्याच्याशी बोलत होते. माझ्या डोक्यात ते बसलं. परत आल्यावर आमच्या मोठ्या डॉक्टरांच्या केबिनमध्ये गेले.

मोठे डॉक्टर हसत नाहीत. म्हणजे दुःखी वगैरे नाहीत, फक्त हसत नाहीत.

"कुत्रा कुणाचा?"

"आमचाच, सर."

"चावतो?"

"मला तरी नाही."

 त्यांनी अटी सांगितल्या. सगळी इंजेक्शनं झाली पाहिजेत, ड्यूटीआधी अंघोळ झाली पाहिजे, परीक्षा घेऊन सर्टिफिकेट आलं पाहिजे. "आणि एक तक्रार आली, की कुत्रा बंद."

"एकच?"

"एकच. पण लेखी. तोंडी तक्रारी मी ऐकत बसलो तर ऑपरेशनं कधी करू?"

*

घरी आल्यावर आबांना सांगितलं, बुध्याला शिकवायला पुण्याहून एक ट्रेनर मॅडम येणार हेही. आबांनी तंबाखू मळायची थांबवली.

"कुत्र्याला नोकरी?"

"नोकरी नाही आबा, सेवा."

"आन् त्यानं तितं जाऊन करायचं काय?"

"काहीच नाही. गप बसायचं. लोक हात फिरवतील, फिरवू द्यायचा."

"कायच करायचं न्हाय?"

"काहीच नाही."

आबांनी ओसरीवर मोबाइल बघत लोळलेल्या माझ्या नवऱ्याकडे एकदा नजर टाकली. "मग त्याला पुण्यास्नं मास्तरीण कशाला पायजे? ह्यो तर कुणी न शिकवता शिकलाय!"

*

पुण्याच्या ट्रेनर मॅडम दर रविवारी येऊ लागल्या. जाताना गृहपाठ देऊन जायच्या. पहिला गृहपाठ होता, कुत्र्याला पेशंटची सवय लावा. कॉट, वॉकर, खोकला, कण्हणं, सगळ्याची.

आता घरात पेशंट कुठून आणायचा? शेजारचे गणपतराव तयार झाले. त्यांची उसाची तोडणी होऊन गेली होती, रिकामेच होते. त्यांना ओसरीवर कॉट टाकून दिली, अंगावर चादर घातली, जवळ वॉकर ठेवला. ते छान कण्हायचे. बुध्या शेजारी बसायला शिकू लागला.

दुसऱ्या दिवशी दुपारी दोन बायका केळी घेऊन आल्या. रस्त्यावरून जाताना त्यांनी कॉटवर झोपलेलं माणूस बघितलं होतं. आजारी माणसाला भेटायला जायचं नाही, असं आमच्याकडे चालत नाही. मी सांगायला गेले की हे खोटे पेशंट आहेत, तर त्यातली एक माझ्या कानात म्हणाली, "असू दे बाई, त्यांच्यासमोर न्हाय बोलायचं."

तिसऱ्या दिवशी भवानीनगरहून गणपतरावांचे मेव्हणे शहाळी घेऊन आले. कारखान्यातून अर्धी सुट्टी टाकून आले होते. त्यांनी पायाशी बसून, कोणत्या डॉक्टरला दाखवलं, रिपोर्ट काय आले, सगळं विचारलं. एवढ्या लांबून आलेल्या माणसाला नाराज कसं करायचं, म्हणून गणपतरावांनी थोडंफार सांगितलं.

चौथ्या दिवशी मी कामावरून आले तेव्हा ओसरीवर पाहुण्यांसाठी सतरंजी अंथरली होती आणि गणपतराव उशीला टेकून बसले होते. चेहरा उतरलेला.

"पोरी," ते म्हणाले, "चेष्टा ऱ्हाऊ दे. मला खरंच जरा बरं वाटंना बघ."

*

दुसरा गृहपाठ खाण्याचा. पेशंटच्या हातातलं, ताटातलं, खाली पडलेलं काहीही कुत्र्याने खायचं नाही. मॅडम बिस्किट पुढे धरायच्या आणि "सोड!" म्हणायच्या. त्याने तोंड फिरवलं की शाबासकी. हा सराव आबांनी मनावर घेतला. सकाळ-संध्याकाळ, गणपतरावांच्या कॉटजवळ, महिनाभर. भाकरी, शेंगदाण्याची चटणी, उकडलेलं अंडं. "सोड!" म्हटलं की बुध्या मान वळवायचा.

मग गावात एक लग्न निघालं. पंगतीत आम्ही सगळे एका ओळीत बसलेलो, मांडवाच्या कडेला बुध्या. वाढप्याच्या हातून एक जिलबी त्याच्यासमोर पडली. आबा पंगतीतूनच ओरडले, "सोड!"

बुध्याने मान वळवली. माझ्या शेजारी गणपतरावांनी तोंडाजवळ नेलेली जिलबी परत पत्रावळीत ठेवली.

त्यांना स्वतःला ते कळलंही नव्हतं. शिक्षण दोघांचं बरोबरच झालं होतं.

*

परीक्षेचा दिवस ठरला. आणि आदल्या दिवशी फाट्यावर फ्लेक्स लागला! गावातल्या मंडळाने परस्पर लावलेला. मधोमध बुध्याचा फोटो, डोळ्यांवर काळा गॉगल चिकटवलेला, वर मजकूर: "बुध्या यांची हॉस्पिटल सेवेत निवड झाल्याबद्दल हार्दिक अभिनंदन!" खाली शुभेच्छुकांचे चौदा फोटो. त्यात गणपतरावांचा पहिला, नावाखाली "पेशंट" लिहिलेलं.

मी म्हटलं, "अहो, परीक्षा उद्या आहे!"

"ताई, उद्या गर्दी हाय प्रेसमधे," मंडळाचा अध्यक्ष म्हणाला.

परीक्षा बारामतीत एका हॉलमध्ये. सात भाग होते. जवळ काठी पडली, बुध्या हलला नाही. व्हीलचेअर अंगावर आली, हलला नाही. बिस्किटाकडे तर त्याने तुच्छतेने बघितलं. सहा भाग झाले. सातव्यात फक्त तीन मिनिटं बसून राहायचं होतं, आणि पाच अनोळखी माणसं हॉलमध्ये इकडेतिकडे फिरणार होती.

अर्धं मिनिट त्याने दम धरला. मग पाच माणसं पाच दिशांना चाललेली त्याला बघवेना. तो उठला. भुंकला नाही, धावला नाही. एकेकाच्या गुडघ्यामागे नाक लावत त्याने पाचही जणांना कपाटाजवळच्या कोपऱ्यात जमा केलं. परीक्षक हातात कागद घेऊन लांब उभे होते, त्यांनाही आणलं. मग आमच्या ट्रेनर मॅडमना. आणि सगळ्यांच्या समोर जाऊन बसला. परीक्षकांनी दोनदा निघायचा प्रयत्न केला. दोन्ही वेळा त्याने त्यांना परत पोहोचवलं.

कोपऱ्यातून मॅडमचा आवाज आला, "वैशालीताई, याला जरा बोलावता का?"

नापास.

मला रडू येत होतं. दोन महिन्यांची मेहनत गेली होती. वळून बघते तर आबांचा चेहरा उजळलेला. मला त्यांचा भयंकर राग आला. ते म्हणाले, "ह्याच्या बापानं सुदिक मेंढरू बघितलं न्हाय, पोरी. मी कवा शिकवलं न्हाय. कुठनं आलं गं हे ह्याच्यात?" आणि उपरण्याने डोळे पुसले. मग माझा राग गेला.

घरी येताना मी म्हटलं, तो फ्लेक्स तरी उतरवा. आबा ऐकेनात.

"पोरगं नापास झालं म्हून घरातला फोटू काढतंय का कोण?"

फ्लेक्स महिनाभर तसाच राहिला. शुभेच्छुकांनी रस्ता बदलला.

*

दुसऱ्या परीक्षेची तयारी आबांनी स्वतः केली, आणि मॅडमना काही विचारलं नाही. त्यांची पद्धत एकच होती. मेंढरं बसली की मेंढका काठी जमिनीवर आडवी ठेवतो आणि स्वतः बसतो. तोवर कुत्रा उभा. काठी खाली गेली की त्याचं काम संपलं. काठी उचलली की परत सुरू.

आबांनी घरात, शेतात, डेअरीवर, जिथे जातील तिथे काठी आडवी ठेवून बसायला सुरुवात केली. पंधरा दिवसांत बुध्याला ते उमगलं.

परीक्षेला आबा भिंतीकडेला बसले. काठी आडवी. पाच माणसं हॉलभर फिरली, एक तर मुद्दाम पळाला. बुध्याने जांभई दिली. पास!

परीक्षकांनी सर्टिफिकेट दिलं, पण शेरा मारला: कुत्र्यासोबत हे गृहस्थ काठीसह उपस्थित असावेत.

*

पहिल्या ड्यूटीला बुध्याला शाम्पूने अंघोळ, नखं कापलेली, गळ्यात हॉस्पिटलचं आयकार्ड. नाव, फोटो, विभाग: फिजिओथेरपी. आबा धुतलेलं धोतर नेसून, काठी घेऊन मागे. मी आधीच आत वॉर्डात गेले होते.

वॉचमनने कार्ड बघितलं, बुध्याला आत सोडलं आणि आबांना अडवलं.

"तुमचा पास?"

"आरं, मी त्याच्यासंगं हाय."

"त्याचा पास हाय बाबा. तुमचा कुठं हाय?"

आबा वीस मिनिटं बाकड्यावर बसून होते. शेवटी बुध्याच आतून परत आला आणि त्यांना घेऊन गेला.

*

आता शेवटचा सांगते, आणि उठते.

आमच्याकडे कळंबचे बापूराव ॲडमिट होते. भाजीपाल्याचं शेत. टोमॅटोला पाणी सोडायला गेले आणि सरीत घसरून पडले. खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन चांगलं झालं, एक्स-रे चांगला आला, मोठे डॉक्टर म्हणाले की पायावर भार द्यायला काहीही हरकत नाही. फक्त बापूराव उभे राहत नव्हते.

मी रोज जायची. "बापूराव, आज दोनच पावलं."

"उद्या."

तीन आठवडे त्यांचा उद्या चालू होता. उचलून खुर्चीत बसवलं तर बसायचे, पुढे वॉकर ठेवला तर त्याच्याकडे बघत राहायचे. परत पडू, ही भीती त्यांच्या अंगात शिरली होती. ते कबूल करत नव्हते. मला ते दिसत होतं, आणि माझ्याने काही होत नव्हतं.

बुध्याचा उपयोग होईल असं मला वाटलं होतं. पण बापूरावांचं कुत्र्यांशी वैर. शेतात घातलेला मल्चिंगचा प्लास्टिक कागद गावातली कुत्री फाडतात, त्यावरून त्यांनी गावाशी भांडणं केलेली. बुध्या वॉर्डात आला की सगळे पेशंट हात पुढे करायचे आणि बापूराव तोंडावर चादर घ्यायचे. "त्याला माझ्याजवळ आणलंसा तर डॉक्टरकडं जाईन!" अशी धमकी द्यायचे. मला वाटायचं, जा बाबा, एकदा जाच.

त्यांच्या बायकोचं नाव शांताकाकू. एवढीशी बाई, बापूरावांच्या निम्म्या वजनाची. एक दिवस पॅसेजमध्ये माझा हात धरून म्हणाली, "ताई, चार दिसानं घरी सोडत्यात म्हनं. हे असंच पडून ऱ्हायलं तर माझं कसं व्हायचं ओ? माझ्यानं कूस बी वळवत न्हाय त्यांची. पोरगी लांब सासरी. आन् हे मानूस कधी बसून ऱ्हायलेलं न्हाय ओ, झिजून मरंल."

मी तिला धीर दिला. पण आडवी घरी गेलेली आणि आडवीच राहिलेली माणसं मी बघितली आहेत. त्या दिवशी मला डबा गेला नाही.

आबा शेजारच्याच बाकावर होते. त्यांनी सगळं ऐकलं होतं.

"हाड जुळलंय का त्यांचं?" त्यांनी मला विचारलं.

"जुळलंय, आबा. चालायला हरकत नाही. नुसती भीती आहे."

"बरं," आबा म्हणाले.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी चालायची वेळ झाली. पाच-सहा पेशंट वॉकर घेऊन एकामागे एक पॅसेजमधून निघाले. बापूरावांना मी खुर्चीत आणून बसवलं होतं, कमरेला धरायचा पट्टा बांधून, पुढे वॉकर ठेवून. बाकावर आबा. काठी फरशीवर आडवी. बुध्या तिच्याशेजारी डोळे मिटून पडलेला. सगळे पुढे गेले. मागे एकटे बापूराव राहिले.

आबा उठले आणि त्यांनी काठी उचलली.

बुध्याने डोळे उघडले. पुढे चाललेल्या रांगेकडे बघितलं, मग मागे खुर्चीकडे बघितलं. शांतपणे गेला आणि बापूरावांच्या गुडघ्यामागे नाक लावलं.

"ए! हाड!" बापूराव ओरडले. बुध्याने परत नाक लावलं. त्यांनी पाय सरकवला, याने नाक सरकवलं. "ताई, ह्येला काढा आधी! हाड म्हनतो न्हवं!" मी पट्टा धरला आणि ऐकू न आल्यासारखं केलं. नोकरीत पहिल्यांदा!

मग बापूरावांनी कुत्र्यावर उगारायला वॉकर उचलला. वॉकर दोन्ही हातांत, डोक्याच्या वर. आणि ते उभे होते.

 शांताकाकूने पदर तोंडात धरला. बापूराव आता इतके चिडले होते की आपण उभे आहोत हे त्यांच्या ध्यानातच आलं नाही. "थांब! दावतोच तुला!" म्हणत त्यांनी वॉकर खाली आपटला आणि मोठ्या डॉक्टरांच्या केबिनकडे निघाले. मागे पट्टा धरून मी, माझ्या मागे काकू, आणि बापूरावांच्या गुडघ्याशी बुध्या. केबिन पॅसेजच्या टोकाला आहे. बापूराव मध्ये एकदाही थांबले नाहीत.

"डॉक्टर! ह्या कुत्र्याचा बंदोबस्त करा!"

मोठ्या डॉक्टरांनी मान वर केली. बापूरावांच्या चेहऱ्याकडे बघितलं नाही, पायांकडे बघितलं.

"तोंडी तक्रार मी घेत नाही," ते म्हणाले. "लेखी लागते. कागद रिसेप्शनला मिळेल."

रिसेप्शन पॅसेजच्या दुसऱ्या टोकाला आहे.

बापूराव वळले. गेले. काउंटरला टेकून उभ्यानेच अर्ज लिहिला आणि तो दातांत धरून, दोन्ही हात वॉकरवर ठेवून, परत केबिनपर्यंत आले. डॉक्टरांनी कागद घेतला आणि मोठ्याने वाचला.

"सदर कुत्रा मला एका जागी बसू देत नाही. तरी योग्य ती कारवाई व्हावी, ही नम्र विनंती."

माझं धाबं दणाणलं. एक तक्रार, लेखी, त्यांच्या टेबलावर. दारात आबा काठी घेऊन उभे होते, ते माझ्याकडे बघत नव्हते.

डॉक्टरांनी पेन काढलं, अर्जाच्या खाली दोन ओळी लिहिल्या, सही केली आणि कागद माझ्या हातात दिला.

"दिवसातून दोन वेळा, जेवणाआधी. डिस्चार्ज होईपर्यंत चालू ठेवणे."